स्प्लिट स्क्रीनमध्ये डावीकडे काका समेवर आणि उजवीकडे हात समेच्या पुढे, असं का होतं

"सम चुकतेय रे तुझी," काका म्हणाले. सम म्हणजे तालाची पहिली मात्रा, आणि माझी म्हणजे व्हिडिओची, मी तबल्याला हातसुद्धा लावत नाही.

आमच्या गिरगावातल्या चाळीत वरच्या मजल्यावरचे काका तबला शिकवतात आणि लॉकडाऊनपासून त्यांचे निम्मे विद्यार्थी मुंबईबाहेरचे झालेत, त्यांच्यासाठी दर रविवारी एक धडा शूट करायचा आणि दोन कॅमेऱ्यांची चित्रं शेजारी शेजारी लावून द्यायची हे काम माझ्या गळ्यात आलंय, कारण चाळीत या कामाला "त्याच्याकडे कॉम्प्युटर आहे" एवढी एकच पात्रता लागते. समोर स्टँडवर जुना हँडीकॅम, त्यात काका पूर्ण दिसतात, टाळी-खाली दाखवतात, ओरडतात. दुसरा कॅमेरा म्हणजे माझा फोन, पोटमाळ्याच्या कठड्याला क्लॅम्प लावून उलटा बांधलेला, त्यात फक्त हात, चाट-मैदान-शाई सगळं वरून स्वच्छ दिसतं. आवाज हँडीकॅमला लावलेल्या माइकचा घेतो.

आणि दर वेळी तेच. सुरुवातीला सगळं चपखल, पाच मिनिटांनी काहीतरी खुपायला लागतं, शेवटी शेवटी तर उजवीकडचा हात आधी पडतोय आणि आवाज मागून येतोय. मी काय करायचो तर वरच्या क्लिपचे दहा-बारा तुकडे करायचो आणि प्रत्येक तुकडा हाताने मागे सरकवायचो, बावीस मिनिटांच्या धड्याला चार तास, आणि पुढच्या रविवारी पुन्हा पहिल्यापासून. असं तीन महिने केलं. मधे दोनदा तर वाटलं की आता खरं कारण सापडलं, सुटलं एकदाचं, आणि दोन आठवड्यांनी परत तेच लक्षण हजर. नंतर कळलं की रोग एक नव्हताच, लक्षण तेवढं एक होतं. म्हणून इथे सविस्तर लिहितोय, ज्यांना हा त्रास आहे त्यांनी निदान तुकडे करत बसू नये.

सगळ्यात आधी एक सांगतो, क्लिप सरकवायच्या आधी मोजा. शूटिंग सुरू झाल्यावर दोन्ही कॅमेऱ्यांना दिसेल अशी एक कडक टाळी वाजवायची, आणि बंद करायच्या आधी दुसरी. पहिली टाळी दोन्ही ट्रॅकवर जुळवून घ्या आणि मग मधलं काहीही न बघता सरळ शेवटच्या टाळीवर जा. तिथे फरक शून्य असेल तर तुमचा सिंक, म्हणजे दोन्ही चित्रांचा आणि आवाजाचा मेळ, ठीकच आहे. फरक असेल तर मध्यावर जाऊन बघा, तिथे साधारण निम्मा फरक दिसला म्हणजे तो हळूहळू वाढतोय, हा फ्रेम रेटचा (सेकंदाला किती फ्रेम, म्हणजे चित्रं) किंवा कॅमेऱ्याच्या आतल्या घड्याळाचा मामला. मध्यावर काहीच नाही आणि एका विशिष्ट जागेनंतर एकदम उडी, तर फाईल तुटलीय किंवा फ्रेम गळल्यात. आणि पहिल्या सेकंदापासून शेवटपर्यंत फरक अगदी तेवढाच राहत असेल तर तुम्ही टाळीच चुकीच्या फ्रेमवर जुळवलीय, एकदा सरकवा आणि चहा प्या. माझं घोडं इथेच अडलं होतं, मी शेवटची टाळी कधी घेतलीच नव्हती, त्यामुळे फरक वाढतोय की उडी मारतोय हे कळायला काही साधनच नव्हतं.

माझा पहिला रोग हळूहळू वाढणारा निघाला. मीडियाइन्फो नावाचं फुकटचं छोटं सॉफ्टवेअर आहे, त्यात फाईल टाकली की आतलं सगळं वाचून दाखवतं. हँडीकॅमच्या फाईलला फ्रेम रेट २५ आणि मोड कॉन्स्टंट, म्हणजे कायम सारखा. फोनच्या फाईलला मोड व्हेरिएबल, म्हणजे कमी-जास्त होणारा, सरासरी २९.९७, आणि खाली किमान-कमाल वेगवेगळे आकडे. फोनवर मी सेटिंग ३० चं ठेवलं होतं, पण बरेचसे फोन सेकंदाला मोजून ३० फ्रेम घेतच नाहीत, उजेड कमी झाला की एक्सपोजर लांबवतात आणि फ्रेम कमी करतात, काही फोनवर तर ऑटो एफपीएस म्हणून सरळ सेटिंगच असतं जे अंधारात २४ वर उतरतं. प्रत्येक फ्रेमवर वेळेचा शिक्का असतो म्हणून फोनवर बघताना काही कळत नाही. पण सगळीच एडिटिंग सॉफ्टवेअर तो शिक्का नीट वाचत नाहीत, माझं तर फ्रेम मोजून, ३० ने भागून मोकळं होत होतं.

आता हिशेब बघा. २९.९७ ला ३० धरलं की चूक हजारात एक. ऐकायला काहीच नाही वाटत. पण दहा मिनिटं म्हणजे ६०० सेकंद, त्याचा हजारावा भाग ०.६ सेकंद, आणि मिनिटाला १०० मात्रांच्या लयीत एक मात्रा म्हणजे बरोबर ०.६ सेकंद. म्हणजे दहा मिनिटात पूर्ण एक मात्रा पुढे! काकांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले मग मी काय वेगळं सांगत होतो, सम चुकतेय असंच तर म्हणालो. बावीस मिनिटांच्या शेवटी १.३ सेकंद, दोन मात्रांहून जास्त. आणि पावसाळ्यात हे वाढलं होतं ते यामुळेच, ढग आले की आमच्या खोलीत दिवसा ट्यूबलाइट लावावी लागते आणि फोन अजून फ्रेम खातो. मी त्या वेळी दमट हवेला दोष देत होतो, कॉम्प्युटरचा पंखासुद्धा साफ केला.

उपाय: फोनची फाईल टाइमलाइनवर टाकायच्या आधी हँडब्रेक नावाच्या व्हिडिओ बदलून देणाऱ्या सॉफ्टवेअरमधून काढायची. व्हिडिओच्या टॅबमध्ये फ्रेम रेट निवडायचा आणि खालचं कॉन्स्टंट फ्रेमरेट हे बटण दाबायचं, आपोआप निवडलेलं असतं ते पीक फ्रेमरेट, ते ठेवलं तर काही उपयोग नाही. क्वालिटीचा आकडा १८ ते २० ठेवा, अजून खाली नेलं तर फाईल फुगते आणि दिसायला फरक पडत नाही. हे करताना हँडब्रेक वेळेचे शिक्के वाचतो, जिथे फ्रेम कमी तिथे शेजारची डबल करतो, जिथे जास्त तिथे टाकून देतो, त्यामुळे लांबी खरी राहते. माझ्या जुन्या मशीनवर बावीस मिनिटांच्या फाईलला अर्धा-पाऊण तास लागतो, जेवून यायचं.

त्याहून बरं म्हणजे मुळातच फोनला आवरणं. ब्लॅकमॅजिक कॅमेरा नावाचं फुकट ॲप आहे, त्यात फ्रेम रेट २५ आणि शटर (एका फ्रेमला उजेड घ्यायचा वेळ) १/५० सेकंद असं स्वतः ठरवता येतं. आपल्याकडे हे दोन्ही आकडे उगाच नाहीत. घरातली वीज ५० हर्ट्झची, म्हणून दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. शटर १/५० किंवा १/१०० असलं की प्रत्येक फ्रेमला सारखाच उजेड मिळतो, १/६० ठेवलं की मिळत नाही आणि काकांच्या डग्ग्यावरून काळे पट्टे फिरायला लागतात. त्या पट्ट्यांसाठी मी नवीन एलईडी बल्ब आणला होता, १५० रुपये गेले, पट्टे तसेच. आणि समोरचा कॅमेरा आधीच २५ वर आहे तर दोघांना एकाच आकड्यावर आणलेलं केव्हाही चांगलं, ३० चं २५ करताना हात मधेच अडखळल्यासारखे दिसतात आणि तबल्यात तर ते फारच डोळ्यावर येतं. ॲपमधून शूट केलेली फाईलसुद्धा एकदा मीडियाइन्फोत बघायचीच, फोनचा भरवसा नाही.

प्रोजेक्टची फ्रेम रेटही पहिली क्लिप टाकायच्या आधी २५ करून घ्या. दाविंची रिझॉल्व्हसारख्या सॉफ्टवेअरमध्ये क्लिपा आल्या की ती मग बदलू देत नाही, नवीन टाइमलाइन करत बसावं लागतं.

हे सगळं केल्यावर चार रविवार सुखाचे गेले. मग काकांनी दिल्लीचा कायदा (तबल्यातली एक ठरीव रचना) घेतला, धा धा ते टे धा धा तू ना, त्याचे पलटे, म्हणजे बोल उलटसुलट करून केलेले प्रकार, दाखवता दाखवता धडा चाळीस मिनिटांचा झाला, आणि सिंक गेला. मी पुन्हा हँडब्रेक, पुन्हा मीडियाइन्फो, सगळं बरोबर, तरी चूक. या वेळी मात्र शेवटची टाळी घेतलेली होती म्हणून लवकर पकडलं. बाविसाव्या मिनिटापर्यंत शून्य फरक, तिसाव्याला सहा फ्रेम, चाळिसाव्याला पण सहाच. म्हणजे वाढत नाहीये, उडी आहे. सरकत सरकत शोधलं तर चोविसाव्या मिनिटाच्या आसपास.

कारण कार्ड. आमच्या हँडीकॅमचं एसडी कार्ड फॅट३२ मध्ये फॉरमॅट होतं आणि त्यात एक फाईल ४ जीबीच्या पुढे जाऊच शकत नाही, मग कॅमेरा गुपचूप पहिली फाईल बंद करून दुसरी उघडतो. सेकंदाला २४ मेगाबिटने ४ जीबी साधारण चोवीस मिनिटात भरतात. पहिले धडे बावीस मिनिटांचे होते म्हणून इतके दिवस काही कळलं नाही, नशीब म्हणायचं की दुर्दैव ते तुम्ही ठरवा. कॅमेरा जोडावर प्रत्यक्षात काही गाळत नाही, पण मी कार्डमधून दोन एमटीएस फाईली (हँडीकॅम याच प्रकारात व्हिडिओ ठेवतो) नुसत्या ओढून टाइमलाइनवर एकापुढे एक लावल्या होत्या आणि जोडावरच्या काही फ्रेम सॉफ्टवेअरला उघडताच आल्या नाहीत. एमटीएस असेल तर ती आधी जोडून घ्यायची. कॅमेऱ्यासोबतचं इम्पोर्ट सॉफ्टवेअर ते करतं, सीडी हरवली असेल, हरवलेलीच असते, तर विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टवर कॉपी कमांडला स्लॅश बी लावून दोन फाईलींची नावं अधिकच्या चिन्हाने जोडून द्यायची, एका मिनिटात एकच सलग फाईल तयार. एमपी४ ला हे करू नका, तिला चालत नाही, एमपी४ चे तुकडे एफएफएमपेग या कमांड देऊन चालवायच्या सॉफ्टवेअरच्या कॉन्कॅटने जोडतात. नाहीतर सरळ काकांना वीस मिनिटांनी पाणी प्यायला सांगा, कॅमेरे बंद करून परत चालू करा, पुन्हा टाळी. मी हल्ली हेच करतो, काकांनाही बरं पडतं.

हँडीकॅमवाल्यांना अजून एक, चित्र ५०आय (एकाआड एक ओळींच्या दोन भागांत घेतलेलं) असेल तर जोरात हललेल्या बोटांना कंगव्यासारखे दाते दिसतात, हँडब्रेकमध्ये डीइंटरलेस लावून टाका. सिंकशी संबंध नाही पण शेजारी फोनचं गुळगुळीत चित्र असलं की फारच विचित्र दिसतं.

यानंतरही मोठ्या धड्यात शेवटी दोन-तीन फ्रेमचा फरक राहतो, तो मात्र कुणाचीच चूक नाही. प्रत्येक कॅमेऱ्याचं आतलं घड्याळ स्वतःच्या लयीत चालतं, दोन घड्याळं तंतोतंत सारखी नसतात, दहा लाखात पन्नासचा फरक धरला तरी तासाला ०.१८ सेकंद होतात. यावर तुकडे करायचे नाहीत, भागाकार करायचा. समोरच्या कॅमेऱ्यात दोन टाळ्यांमधलं अंतर २४०० सेकंद आहे आणि वरच्यात २४००.१२, तर वरच्या क्लिपचा स्पीड १००.००५ टक्के करायचा, झालं. त्या क्लिपचा स्वतःचा आवाज आधी काढून टाकलेला असावा, आवाज एकाच जागचा ठेवायचा ही गोष्ट मी पाळतोच, दोन माइक मिसळले की तबला डब्यात वाजवल्यासारखा येतो.

दोन फ्रेमसाठी एवढं कशाला असं मित्राने विचारलं. नुसता बोलणारा माणूस असता तर मीही सोडून दिलं असतं. पण द्रुत लयीत, समजा २४० ला, एका मात्रेत चार बोल वाजत असतील तर एका बोलाच्या वाट्याला ६२ मिलिसेकंद येतात, आणि २५ च्या रेटला दोन फ्रेम म्हणजे ८०. हात एका बोलावर आणि कानाला दुसराच बोल. ज्याला शिकायचंय तो विद्यार्थी हेच बघून बोट उचलणार. आवाजाला खोलीतून कॅमेऱ्यापर्यंत यायला वेळ लागतो त्याची काळजी मात्र करू नका, तीन मीटरला नऊ मिलिसेकंद, पाव फ्रेमही नाही.

तिसरा प्रकार थेट क्लासचा, तो वेगळाच. बुधवारी काका ऑनलाइन शिकवतात, तिथे शूट करून एडिट करायला वेळ नाही म्हणून दोन वेबकॅम आणि ओबीएस हे थेट चित्रं जुळवणारं सॉफ्टवेअर, चित्रं तिथल्या तिथे शेजारी. इथे दुसरा वेबकॅम कधी काळा, कधी गोठलेला, कधी सेकंदाला पाच फ्रेम. केबल बदलली, मग वेबकॅम बदलला, दुकानदाराने दोनदा बदलून दिला बिचाऱ्याने. दोष त्याच्यात नव्हता. दोन्ही वेबकॅम एकाच हबवर होते, आणि ७२० चं चित्र न दाबता (कॉम्प्रेस न करता) ३० फ्रेमने पाठवायला सेकंदाला ५५ मेगाबाइट, म्हणजे ४४० मेगाबिटच्या वर लागतात, यूएसबी २ ची सगळी वाट मिळूनच ४८० ची, आणि तीसुद्धा कागदावर. एका कॅमेऱ्यात वाट संपली, दुसरा जाणार कुठून, विरार फास्टला अंधेरीला चढायला बघणाऱ्यासारखी त्याची अवस्था.

ओबीएसमध्ये त्या कॅमेऱ्याच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन रेझोल्यूशन कस्टम करा आणि व्हिडिओ फॉरमॅट एमजेपीईजी निवडा, कॅमेरा स्वतःच चित्र दाबून पाठवतो आणि दोन्ही आरामात मावतात. तरी अडलं तर हब काढून दोन्ही वेगळ्या पोर्टमध्ये, एक पुढे एक मागे. पुढचे दोन शेजारचे पोर्ट आतून बहुतेक एकाच वाटेवर असतात. माझ्या मशीनला तेही पुरलं नाही म्हणून लॅमिंग्टन रोडवरून पीसीआय एक्स्प्रेसचं यूएसबी कार्ड आणून बसवलं. तिथेच प्रॉपर्टीजमध्ये कॅमेऱ्याच्या कॉन्फिगर व्हिडिओत पॉवरलाइन फ्रिक्वेन्सी ५० हर्ट्झ आहे का तेही बघून घ्या, बऱ्याच कॅमेऱ्यांना मुळात ६० लावलेलं येतं.

थेटमध्ये चित्र आवाजाच्या मागे पडतं, उलट कधी होत नाही माझ्याकडे तरी. एकदा टाळी रेकॉर्ड करा आणि फ्रेम मोजा, ३० च्या रेटला एक फ्रेम ३३ मिलिसेकंद, तीन फ्रेम मागे असेल तर ऑडिओच्या ॲडव्हान्स्ड प्रॉपर्टीजमध्ये माइकच्या सिंक ऑफसेटला १०० टाका, म्हणजे आवाज तेवढा थांबतो. दोन वेबकॅममध्येच आपसात फरक असेल तर जो लवकर येतो त्याला व्हिडिओ डिलेचा फिल्टर लावायचा. आणि विंडोजच्या साउंड सेटिंगमध्ये माइकचा सॅम्पल रेट (सेकंदाला आवाज किती वेळा मोजायचा) ४८००० वर, ओबीएसही ४८ हजारांवर. एक ४४.१ आणि एक ४८ राहिलं की तासाभराच्या क्लासमध्ये नको ते त्रास सुरू होतात.

चित्र बसवण्याचं थोडक्यात. १९२० बाय १०८० चे उभे दोन भाग केले की प्रत्येकाला ९६० बाय १०८० मिळतात, म्हणजे जवळपास चौकोनच. आडवं चित्र त्यात चेपून बसवू नका, काकांचे गाल आत जातात आणि मग काकू विचारतात यांना बरं नाही का. उंची तशीच ठेवून दोन्ही बाजू कापायच्या, म्हणजे शूट करतानाच सगळं मधल्या अर्ध्या भागात आलं पाहिजे. आम्ही सतरंजीवर खडूने दोन रेघा मारल्यात, तबला-डग्गा त्याच्या आत. एफएफएमपेगच्या एचस्टॅकने करणार असाल तर दोन्ही चित्रांची उंची सारखी लागते, नाहीतर ते एरर देऊन बंद पडतं.

आता शेवटच्या टाळीचं. काका ती विसरतातच. वाजवून झालं की घाम पुसतात, उठतात, कॅमेऱ्यासमोरून जाऊन पंखा लावतात. एकदा मी चर्नी रोडवरून जाणाऱ्या लोकलच्या भोंग्यावर जुळवायला बघितलं, दोन्ही फाईलीत तो छान ऐकू येतो, पण भोंगा हळूहळू चढतो, नेमका कुठल्या फ्रेमला सुरू झाला ते सांगता येत नाही, अर्ध्या सेकंदाच्या आत आणून सोडतो फक्त. कुकरच्या शिट्टीचंही तसंच. वेव्हफॉर्मवर, म्हणजे आवाजाच्या आलेखावर, काठीसारखी उभी रेघ उठली पाहिजे. ती तिहाईच्या (तीनदा वाजवून समेवर येणारा तुकडा) शेवटच्या धा ला मिळते, दोन्ही हात एकदम, आणि त्यानंतर शांतता असते म्हणून शोधायला पण सोपी. काकांना सांगितलं की तुम्ही टाळी नका वाजवू, फक्त तिहाई नीट समेवर आणा. तर म्हणाले, "ती मी चाळीस वर्षं आणतोय, तू तुझं बघ."